रविवारी सकाळी दहाला

लोक लग्नाची स्थळं कधी शोधतात हे मला एका वधू-वर सूचक मंडळाच्या सर्व्हरने शिकवलं. सोमवार ते शनिवार तिथे शुकशुकाट असतो. रविवारी चहा होतो, पेपर चाळून होतो आणि मग मुलीचे वडील चष्मा लावून बसतात. आई खुर्चीमागे उभी राहते. वय अमुक ते तमुक, शिक्षण पदवी, जिल्हा कोल्हापूर किंवा सांगली, असा शोध एकाच वेळी शेकडो घरांत सुरू होतो. मंडळाची साइट नेमकी त्याच वेळी मान टाकायची.

मंडळाच्या कार्यवाहांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा फोन आला तो रविवारीच, सव्वादहाला.

“सर, नुसतं गोल गोल फिरतंय. लोक मला शिव्या घालायला लागलेत. आमचा मुलगा म्हणतो मोठा सर्व्हर घ्या. महिन्याला तिप्पट पैसे पडतील. घेऊ का?”

“अण्णा, आज काही घेऊ नका,” मी म्हटलं. “मला आधी सांगा, बंद करून चालू केला तर काय होतं?”

“अर्धा तास झकास चालतो. मग पुन्हा तेच.”

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. मला ते तेव्हा समजलं नाही, याची आजही थोडी लाज वाटते.

‘साइट स्लो आहे’ ही तक्रार ‘अंगात कसकस आहे’ या जातीची असते. खरी असते, पण तिच्यावरून औषध देता येत नाही. कुणाला स्लो? सगळ्यांना, की एकट्या जिओवाल्यांना? कोणतं पान? कधीपासून? किती सेकंद? जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने १९९३ साली तीन मर्यादा मांडल्या होत्या, त्या अजून उपयोगी पडतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. १ सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर त्याचं लक्ष उडतं. अण्णांच्या शोधपानाला रविवारी मिनिटभर लागत होता, म्हणजे चिंचोक्यांचा एक डाव मांडून व्हावा इतका वेळ.

मंडळाचं काम बघणाऱ्या मुलाकडे एक अहवाल होता. दर ५ मिनिटांनी साइट उघडून बघणारी एक सेवा त्याने लावली होती आणि तिच्या मते सरासरी प्रतिसाद उत्तम होता. अहवाल खोटा नव्हता. पण ती सेवा मुखपृष्ठ उघडत होती, आणि मुखपृष्ठावर गणपतीचं चित्र आणि मंडळाचा पत्ता यांपलीकडे काही नव्हतं. शिवाय आठवड्याचे तास १६८, त्यांतले वाईट तीन-चार. सरासरीत ते विरघळून जाणारच. म्हणून या धंद्यातले जाणकार सरासरी विचारत नाहीत. शंभरातल्या सर्वांत रखडलेल्या पाच जणांना किती वेळ लागला, ते विचारतात.

सर्व्हरला हात लावण्यापूर्वी मी अंतर मोजलं. यंत्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियात होतं. क्लाउडचं खातं उघडताना यादीत जे पहिलं ठिकाण दिसलं ते त्या मुलाने निवडलं होतं. क्लाउड म्हटलं की आकाश डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ते कुठल्या तरी गावातल्या गोदामात ठेवलेलं, भाड्याने घेतलेलं यंत्र असतं. मुंबई ते व्हर्जिनिया अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान १३० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत नसतात, त्यामुळे व्यवहारात २०० च्या आसपास धरायचे. आता ब्राउझरला आधी जोडणी करावी लागते, मग सुरक्षेची बोलणी करावी लागतात आणि मग कुठे पान मागता येतं. जुन्या पद्धतीत या सगळ्याला चार खेपा लागायच्या. २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ या सुरक्षेच्या पद्धतीत त्यांतली एक वाचते. म्हणजे पानाचं पहिलं अक्षर यायच्या आधीच ६०० ते ८०० मिलिसेकंद प्रवासात गेले. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून सुरू आहे, नंतर इतर कंपन्यांचीही भारतात आली, तेव्हा हे पाऊण सेकंद भरायचं काही कारण नव्हतं.

पण मुंबई आणि व्हर्जिनिया यांमधलं अंतर रविवारी वाढत नाही. तेव्हा हा दोष खरा असला तरी आपला आरोपी तो नव्हे. दोष सापडला की तोच कारण समजायची घाई होते, आणि जुनाट साइटमध्ये दोष तर पावलोपावली सापडतात.

पुढची पायरी कुणालाही करता येते. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ १२ दाबायचं, ‘नेटवर्क’ हा भाग उघडायचा आणि पान पुन्हा मागवायचं. प्रत्येक फाइलसाठी एक आडवी पट्टी दिसते: जोडणीला किती वेळ, वाट पाहण्यात किती, माल उतरवून घेण्यात किती. मुलामुलींचे फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवलेले होते, एकेक ३-४ एमबीचा, आणि अंगठ्याएवढ्या चौकटीत दाखवण्यासाठी तो पूर्ण उतरवला जात होता. तो मुलगा म्हणाला, “सापडलं!” मीही क्षणभर तसंच म्हणणार होतो. पण पट्ट्या नीट पाहिल्या तर फोटो उतरायला सुरुवात व्हायच्या आधीच पन्नासएक सेकंद गेलेले होते. ते सगळे एकाच पट्टीत, ‘वाट पाहणे’ या खात्यात. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली होती आणि सर्व्हर गप्प होता.

आता सर्व्हरवर जायला हरकत नव्हती.

इथे एक मोठा दाखला सांगतो, कारण अण्णांच्या साइटची न मोजण्याची चूक अमेरिकी सरकारने कित्येक पटींनी मोठी करून दाखवली आहे. आरोग्यविमा घेण्यासाठीची हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी विमा घेता आला तो ६ जणांना. लाखो लोक दारात, ठेकेदार कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीच्या मते दोष दुसरीचा. साइट दुरुस्त करायला जी माणसं बोलावली गेली, त्यांत गूगलमधले मायकी डिकरसन होते. या मंडळींना पहिला धक्का बसला तो असा, की साइट या क्षणी कशी चालली आहे हे दाखवणारा एकही फलक कुठे नव्हता. त्यांनी आधी मोजमाप बसवलं आणि मग रोज सगळ्यांना एका खोलीत आणून आकड्यांसमोर उभं केलं. ऑक्टोबर अखेरीस पानाला सरासरी ८ सेकंद लागत होते. १ डिसेंबरच्या सरकारी अहवालानुसार ते १ सेकंदाच्या आत आले. त्यांनी यंत्रंही वाढवली, नाही असं नाही. पण कुठे काय अडतंय ते कळल्यावर वाढवली.

तर अण्णांचा सर्व्हर. लिनक्सच्या यंत्रावर शिरल्यावर पहिली आज्ञा बहुतेक जण देतात ती ‘टॉप’. वरच्या ओळीत ‘लोड ॲव्हरेज’ म्हणून तीन आकडे दिसतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. किती कामं चालू आहेत किंवा रांगेत आहेत याचा तो अंदाज. आमच्याकडे कोअर एक आणि आकडा वीसच्या वर. नवशिके इथेच ‘सीपीयू कमी पडतोय’ असा निकाल देतात. लिनक्सच्या बाबतीत यात एक मेख आहे. १९९३ पासून या आकड्यात डिस्कची वाट पाहत खोळंबलेली कामंही धरली जातात. तेव्हा आकडा मोठा म्हणजे सीपीयूच दमला आहे असं नाही. गोदामाचा दरवाजा अडला असेल तरी रांग मोठीच दिसते.

म्हणून खालची ओळ वाचायची. तिथे सीपीयूच्या वेळेचे टक्के असतात. ‘यूएस’ म्हणजे आपल्या कामात गेलेला वेळ, ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट पाहताना रिकामा गेलेला. अगदी शेवटी ‘एसटी’ असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. हे ‘स्टील’, म्हणजे चोरी. एका खऱ्या यंत्रात अनेक भाडेकरूंची कल्पित यंत्रं नांदतात. आपल्या यंत्राला काम करायचं होतं, पण वरच्या व्यवस्थेने सीपीयू दिला नाही, तो वेळ इथे मांडतात. आमच्या यंत्रावर ‘यूएस’ दहाच्या आत होता आणि ‘एसटी’ ऐंशीच्या वर.

आणि मग अण्णांचं वाक्य आठवलं. बंद करून चालू केला की अर्धा तास झकास.

स्वस्तातली क्लाउड यंत्रं पूर्ण सीपीयू देत नाहीत, हे त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. आमचं यंत्र कोणत्या कंपनीचं हे सांगायचं कारण नाही, पण जात तीच; ॲमेझॉनच्या टी२ मायक्रोचे आकडे जगजाहीर आहेत, त्यांवर हिशेब मांडतो. या यंत्राचा कायमचा हक्क कोअरच्या १० टक्क्यांवर. त्याहून जास्त लागलं तर साठवलेली क्रेडिट खर्चायची. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण सीपीयू. तासाला ६ क्रेडिट जमा होतात आणि जास्तीत जास्त १४४ साठतात. शिल्लक संपली की यंत्र १० टक्क्यांवर येतं आणि उरलेला वेळ ‘चोरी’च्या खात्यात दिसू लागतो. यंत्र पूर्ण थांबवून नव्याने सुरू केलं तर जुनी शिल्लक जाते, पण वाटखर्चीला ३० क्रेडिट मिळतात. तोच अण्णांचा झकास अर्धा तास. त्या मुलाने यावरून मेमरीत गळती असल्याचा निष्कर्ष काढला होता आणि दोन महिने ती शोधत होता. बिचाऱ्याची चूक नव्हती. लक्षणं अगदी तशीच होती.

रविवारचा हिशेब लॉगवरून काढला. सकाळी सातपासून मिनिटाला सुमारे ९० शोधपानं. एका पानाला सीपीयूचे ०.६ सेकंद. म्हणजे मिनिटातले ५४ सेकंद, ९० टक्के. तासाला ५४ क्रेडिट खर्च, ६ जमा, निव्वळ घट ४८. शनिवारी रात्री भरलेल्या १४४ ला तीन तास पुरतात. सात अधिक तीन, दहा. फोन सव्वादहाला.

मला या नोकरीत फार थोडे हिशेब इतके चोख जुळलेले आठवतात.

पण सातपासूनही साइट रडतखडतच चालत होती, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा तर क्रेडिट भरपूर होती, आणि १० टक्के सीपीयू मोकळाही होता. मग? याचं उत्तर क्लाउडहून शंभर वर्षं जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला आग्नर क्रारुप एर्लांग हा गणिती, किती तारा ठेवल्या म्हणजे ग्राहकांना ताटकळावं लागणार नाही, याचा विचार करत होता. त्याचा पहिला निबंध १९०९ चा. त्यातून जे रांगेचं गणित उभं राहिलं, त्याचं सर्वांत साधं रूप असं: खिडकी एक, माणसं वाटेल तेव्हा येणार, तर खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असताना प्रत्येकाला कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्के गुंतलेली असताना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर उभं राहिलेल्याला हे सिद्ध करून दाखवायला नको. आमचं ०.६ सेकंदाचं पान ९० टक्क्यांना सरासरी ६ सेकंदांवर जाणार होतं, आणि जातच होतं. ‘अजून दहा टक्के शिल्लक आहेत’ हे वाक्य सीपीयूच्या बाबतीत पोकळ आहे. सत्तरीच्या पुढे काटा गेला की मी अस्वस्थ होतो.

दहानंतर तर गणितच उरत नाही. दहा टक्के सीपीयूवर मिनिटाला १० पानं निघतात आणि मागणारे ९०. त्यात पान येत नाही म्हणून वडील रिफ्रेश दाबतात. त्यांची आधीची विनंती सर्व्हरवर बहुधा चालूच असते. ती कुणासाठी नाही, तरी पूर्ण होते. एक माणूस रांगेत चार वेळा उभा. त्यातच कुणाच्या तरी सल्ल्याने सर्व्हरवरच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा ६० वर नेलेली होती. एकीला ४० एमबी मेमरी, यंत्रात १ जीबी. गर्दीत ती भरली की उरलेलं डिस्कवर सांडतं, आणि डिस्क मेमरीहून शेकडो पटींनी हळू. खिडकी एकच असताना आत जास्त माणसं घेतल्याने काम उरकत नाही, हॉल तेवढा भरतो. ही मर्यादा आम्ही १० वर आणली.

इथे थांबून मोठा सर्व्हर घेता आला असता. अण्णांच्या मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. क्रेडिटची भानगड नसलेलं यंत्र घेतलं असतं तर दहाचा अपघात टळला असता. पण एक साधा प्रश्न राहिला होता: पन्नास स्थळांची यादी दाखवायला ०.६ सेकंद सीपीयू लागतोच कशाला? आजच्या यंत्रासाठी हा वेळ फार मोठा आहे.

डेटाबेस मायएसक्यूएल होता. त्यात मंदगती क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या रखडणाऱ्या प्रश्नांची, नोंद ठेवण्याची सोय असते. ती चालू होती आणि नोंदवही कोरी होती. ‘डेटाबेस चांगला आहे’ असं त्या मुलाने मला दोनदा सांगितलं. पण या नोंदवहीत जाण्यासाठी क्वेरीला मुळात १० सेकंद लागावे लागतात. कुणी बदललं नाही तर मर्यादा तीच. मी ती शून्यावर आणली आणि एकच पान उघडलं. वहीत १५१ ओळी पडल्या.

एक क्वेरी पन्नास स्थळांची. मग पहिल्या स्थळाचा फोटो, पहिल्याचं गाव, पहिल्याची पत्रिका. मग दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचं गाव. वाण्याकडे यादी घेऊन जायच्या ऐवजी मिठाला एक खेप, मोहरीला दुसरी, हळदीला तिसरी. प्रत्येक खेप ४ मिलिसेकंदांची, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. १५१ मिळून ०.६ सेकंद. प्रोग्रामर याला ‘एन प्लस वन’ म्हणतात. आळशी प्रोग्रामरच हे करतात असं नाही. हल्लीच्या साधनांमध्ये ‘स्थळाचा फोटो दे’ एवढं लिहिलं की मागची क्वेरी आपोआप जाते, लिहिणाऱ्याला ती दिसतच नाही. त्याच्या लॅपटॉपवर चाचणीची दहा स्थळं असतात आणि सगळं पटकन चालतं.

त्या एकेका क्वेरीलाही ४ मिलिसेकंद का? ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा क्वेरीच्या आधी लावली की डेटाबेस ती कशी सोडवणार आहे ते सांगतो. त्याने सांगितलं की एक फोटो शोधायला तो फोटोंचा अख्खा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचतो, हजारो ओळी, दर वेळी. इंडेक्स नव्हता. पुस्तकाच्या मागची सूची फाडून टाकली आणि ‘पंचगंगा’ हा शब्द शोधायला सांगितला तर आपणही पहिल्या पानापासूनच सुरुवात करू. डेटाबेसची ही सूची बहुधा बी-ट्री नावाच्या रचनेत असते; रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांनी बोइंग कंपनीत असताना ती मांडली, निबंध १९७२ चा. एका फांदीला शेकडो फांद्या फुटत असल्याने दहा लाख ओळींतली हवी ती ओळ तीन-चार पायऱ्यांत सापडते. (मग सगळ्याच रकान्यांना इंडेक्स का लावू नये? कारण प्रत्येक नव्या नोंदीला त्या सगळ्या सूच्या दुरुस्त कराव्या लागतात. लग्नमंडळात नोंदी कमी आणि शोध फार, म्हणून इथे तो प्रश्न नव्हता.)

इंडेक्स टाकायला एक ओळ लागली. १५१ क्वेरींच्या ४ करायला त्या मुलाला एक दुपार लागली. फोटो चढवतानाच लहान करून ठेवायची सोय त्याने दुसऱ्या दिवशी केली, त्यामुळे गावाकडच्या नेटवर पान खरंच हलकं झालं. शोधपान ०.६ वरून ०.०५ सेकंदांवर आलं. पुन्हा हिशेब करा: मिनिटाला ९० पानं गुणिले ०.०५, म्हणजे साडेचार सेकंद, साडेसात टक्के. हक्काच्या १० टक्क्यांच्या आत. पुढच्या रविवारी क्रेडिटचा आलेख दिवसभर १४४ वर सपाट राहिला.

हे लिहिताना मी शोध सरळ रेषेत सांगितला, पण दोन वेळा आडरानात शिरलो होतो. ब्रेंडन ग्रेग हा या विषयातला मोठा माणूस. त्याची शिस्त अशी की यंत्रातल्या प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारायचे: किती गुंतलं आहे, रांग किती, चुका किती. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, एकही न गाळता. हाच ग्रेग २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना डिस्कच्या कपाटासमोर उभा राहून जोरात ओरडला होता आणि आवाजाच्या कंपनांनी डिस्कची उत्तरं रखडल्याचं त्याने आलेखावर दाखवलं होतं. त्याची चित्रफीत अजून बघायला मिळते. आमच्याकडे कुणी ओरडलं नाही, पण तीन प्रश्न पहिल्याच तासात विचारले असते तर ‘एसटी’चा रकाना तेव्हाच दिसला असता.

अण्णांनी मोठा सर्व्हर घेतला नाही. महिन्याचं बिल होतं तेवढंच आहे. यंत्र अजून व्हर्जिनियातच आहे आणि प्रत्येक पानाला ते पाऊण सेकंद लागतातच. मुंबईला हलवायचं ठरलंय, पण लग्नसराई संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलंय.